ताफा मोडा, ड्राइव्ह वाचवा

मला गाड्या आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी पहाटे चांदणी चौकात वीस-बावीस गाड्या रांगेत उभ्या राहतात, कुणी बॉनेट उघडून नवीन एअर फिल्टर दाखवतो, कुणी वडिलांची जुनी जिप्सी घेऊन येतो, तेव्हा मला दिवाळीची पहाट असल्यासारखं वाटतं. त्यामुळे पुढचं वाचून 'याला गाड्यांतलं काय कळतं' म्हणू नका. कळतं, म्हणूनच लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात आमचा ग्रुप ताम्हिणीला निघाला. पिरंगुट, पौड, मुळशी, मग घाट उतरून विळ्याला नाश्ता आणि परत. नियम ठरलेले होते: रेस नाही, दारू नाही, सीटबेल्ट सगळ्यांना. माझी सेकंडहँड स्विफ्ट शेवटून दुसरी. सगळ्यात पुढचा गडी साठनेच चालवत होता, हे नंतर सगळ्यांनी शपथेवर सांगितलं आणि ते खरंही होतं. माझा काटा मात्र नव्वदवर होता.

हे कसं झालं? पुढचा एका टेम्पोला ओव्हरटेक करतो. मागच्याला जागा मिळेपर्यंत अर्धं मिनिट जातं. तेवढ्यात पुढची गाडी साठच्याच वेगाने अर्धा किलोमीटर लांब गेलेली असते. ते अंतर भरून काढायला मागचा सत्तर गाठतो, त्याच्या मागचा ऐंशी, आणि शेपटाला असलेला नुसता पळत सुटतो. रेस कुणीच लावलेली नसते, पण निम्मा ताफा रेसमध्येच असतो. साठला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, नव्वदला २५. वेग दीडपट झाला की धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट होते. हे नववीच्या विज्ञानात शिकलो होतो, पण वॉकीटॉकीवर 'मागचे कुठे राहिले रे?' ऐकू आलं की नववी आठवत नाही.

मी वळणावर एसटीला ओव्हरटेक केलं. समोरून बाइक आली. पुढे माणूस, मागे बाई, मध्ये रेनकोटमधलं पोर. त्याने बाइक रस्त्याखालच्या चिखलात घातली. ती पडली नाही, हे त्याचं कौशल्य. मी आरशात पाहिलं तर तो हात वर करत होता. शिवी देत नव्हता. 'चुकलं साहेब, जा तुम्ही' असा तो हात होता. चूक माझी आणि माफी त्याची. मी थांबलो नाही, कारण ताफा पुढे गेला होता.

विळ्याला पोहोचेपर्यंत माझ्या ओव्हरटेकचा व्हिडिओ ग्रुपवर आला होता. मागच्या गाडीतल्याने काढलेला, वर गाणं लावलेलं. बाइक येण्याआधीच कापलेला. खाली 'कडक भावा'. मी लाइक केलं. तो लाइक मला आजही खुपतो.

आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर आहे: चार टाळकी बेशिस्त असतात, बाकीचे चांगले. चूक. त्या दिवशी बेशिस्त टाळकं मीच होतो आणि एरवी मी सिग्नलला पिवळा दिसला की थांबणारा माणूस आहे. दोष स्वभावाचा म्हटलं की ताफ्याच्या रचनेवर कुणी बोलत नाही.

दुसरं उत्तर: डंपर-टँकरवाले कसे चालवतात ते बघा. बघितलंय. पण तो पोटासाठी रस्त्यावर आहे, आपण मजेसाठी. मजेसाठी निघालेल्याने जास्त जपून चालवायला हवं, कमी नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आम्ही रेस लावली नव्हती' हे कोर्टात चालेलही. त्या पोराच्या आईला सांगून बघा.

आणि रस्ता आपला नाही. याच मुळशी खोऱ्यातल्या लोकांनी १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. बाहेरच्यांनी येऊन हे आपलंच समजणं त्यांना नवीन नाही. आपल्याला जो 'ड्रायव्हिंग रोड' वाटतो, तो तिथल्या बाईचा दवाखान्याचा रस्ता आहे.

मग ड्राइव्ह बंद करायच्या? अजिबात नाही. ताफा बंद करा. ठिकाणाचं लोकेशन पाठवा, वेळ सांगा, चार-चार गाड्या वीस मिनिटांच्या फरकाने सोडा. प्रत्येकाने फक्त मागच्या गाडीची काळजी घ्यायची: फाटा आला की बाजूला थांबून ती दिसेपर्यंत वाट पाहायची. मग पळायचं कारणच उरत नाही. घाटात अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. चालत्या गाडीतून शूटिंग नको. वेगाचीच भूक असेल तर पैसे साठवा आणि कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जा. तिथे समोरून पोर येत नाही.

माझ्या ग्रुपला हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, 'मग ड्राइव्हचे फोटो काय येणार, चार गाड्यांचे?' मी म्हटलं, विळ्याला सगळे पोहोचले की काढू. मोजून बावीस.