घाणा घेण्याआधी दाणे तोलून पाहा

बेंगळुरूत लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं आता बऱ्याच वस्त्यांत दिसतात. ‘गाणद एण्णे’, म्हणजे घाण्याचं तेल, अशी पाटी वाचली की इथल्या मराठी माणसालाही वाटतं, आपणही एक घाणा टाकावा. कुणाला निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग हवा असतो, कुणाला नोकरीला जोड. विचार चांगलाच आहे. या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच: यंत्राची ऑर्डर देण्याआधी एका घाण्याला लागतील तेवढे तुमचेच दाणे घेऊन जा, तुमच्या डोळ्यांसमोर गाळून घ्या आणि तेल, पेंड दोन्ही तोलून पाहा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातल्या आकड्यावर पैसे लावू नका.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. चांगल्या शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं. लाकडी घाण्यातून त्यातलं हाती लागतं ते वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास. बाकीचं पेंडीत राहतं. म्हणजे एक किलो तेलाला अडीच किलो दाणे. हा उतारा ४० वरून ३५ वर आला तर त्याच किलोला जवळजवळ २.९ किलो दाणे लागतात, आणि सगळा नफा त्या फरकात संपतो. नवं लाकूड स्वतःच तेल पितं, म्हणून चाचणी कोऱ्या यंत्रावर न घेता रोज चालणाऱ्या घाण्यावर घ्या.

काही जण ऑलिव्हच्या छोट्या यंत्रांची चौकशी करतात. तो नाद सोडा. ऑलिव्ह हे ओलं फळ आहे. तोडल्यावर लवकर दळावं लागतं, लगदा घुसळून तेल आणि पाणी वेगळं करावं लागतं. शिवाय त्या झाडाला बहर यायला जी थंडी लागते ती बेंगळुरूत पडत नाही. राजस्थानने सरकारी पाठबळावर ही लागवड केली. आपल्याला जवळचा माल आहे: चळ्ळकेरे आणि पावगडा भागातला शेंगदाणा, तिपटूरचं खोबरं, शिवाय तीळ आणि कारळे. आधी बी ठरवा, मग यंत्र. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असतं, करडईत तीस टक्क्यांच्या आसपास. दोन्हींचा हिशेब एक कसा असेल?

आता यंत्राचे प्रकार. घरगुती विजेचं छोटं यंत्र ओट्यावर मावतं, पण त्यात बहुधा तापवणारी कॉइल असते. ते घरापुरतंच ठीक. एक्सपेलर अखंड चालतो, तासाला जास्त माल गाळतो, उताराही जास्त देतो, पण स्क्रूच्या दाबाने तेल चांगलंच तापतं. लाकडी घाणा मंद फिरतो, एका वेळी थोडाच माल घेतो आणि त्यालाही बराच वेळ लावतो. तेलाचा वास आणि चव मात्र टिकते. गिऱ्हाईक चवीसाठी जादा पैसे देणार असेल तर घाणा घ्या. नुसतं स्वस्त तेल विकायचं असेल तर मोठ्या गिरण्यांपुढे तुमचा घाणा टिकणार नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा.

विक्रेत्याला पुढच्या गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. दाणे चिरडणारी लाट कोणत्या लाकडाची आहे, झिजल्यावर नवी कुठे मिळेल आणि किती दिवसांत? मोटर किती एचपीची, सिंगल फेज की थ्री फेज? गिअरबॉक्स बिघडला तर बेंगळुरूत येऊन कोण दुरुस्त करेल? पट्ट्यावर आणि गिअरवर जाळी आहे का? तेलाला लागणारे भाग आणि साठवणीची टाकी स्टेनलेस स्टीलची आहे का? तांबं आणि लोखंड यांच्या संपर्काने तेल लवकर खवट होतं. तेल काही दिवस निवळू द्यावं लागतं, म्हणून टाक्या दोन तरी हव्यात. करंज, कडुलिंब, एरंडी यांचं तेल खाण्याच्या घाण्यात कधीही गाळू नका. त्यांना वेगळं यंत्र हवं.

जागेचाही विचार करा. अपार्टमेंटच्या तळमजल्यावर घाण्याचा आवाज आणि हादरे शेजारी सहन करणार नाहीत. भाडेकरार करण्याआधी वीजकंपनी बेस्कॉमकडून तिथे विजेचा किती भार मंजूर होतो ते विचारा. महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि अन्नसुरक्षेची नोंदणी घेतल्याशिवाय एक बाटलीही विकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, दाणे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. घाण्याचं तेल शुद्धीकरणाविना विकलं जातं, त्यामुळे त्यातलं काही तेलात उतरतं आणि बरंचसं पेंडीत जातं. ती पेंड गाईने खाल्ली की दुधात. म्हणून काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून फेकायला माणूस ठेवा. दाणे नीट वाळवा, पावसाळ्यात जमिनीपासून वर ठेवा. तेलाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था, सीएफटीआरआय, आपल्या जवळच म्हैसूरला आहे. तिथल्या जाणकारांचा सल्ला घ्या.

आपल्या मराठी मुलखात या कामाची थोर परंपरा आहे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी जुन्या घाण्यात सुधारणा करून ‘वर्धा घाणी’ घडवली. घाणा तसाच पुजत न बसता त्यातले दोष दूर करायचे, ही ती वृत्ती. तीच आपण धरावी.

पैशांसाठी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आहे. ती २०२० साली सुरू झाली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान कर्जाला जोडून मिळतं. कर्नाटक सरकारने त्यात स्वतःची भर घातली आहे. योजना अजून चालू आहे का आणि नियम काय आहेत, हे बँकेत विचारून घ्या. पण अनुदान मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेऊ नका. हप्ता तुम्हालाच भरायचा आहे.

पेंड कोण घेणार हेही आधीच ठरवा. शंभर किलो दाण्यांमागे साठेक किलो पेंड निघते. बेंगळुरूच्या ग्रामीण भागातल्या आणि कोलारकडच्या गोठेवाल्यांशी बोलून ठेवा. त्या पैशांशिवाय घाण्याचं गणित जुळत नाही.

तेव्हा घाई करू नका. दोन-तीन चालू घाणे पाहा, घाणेवाल्यांशी बोला, तोललेले आकडे वहीत लिहा. ते आकडे पटले तरच आगाऊ रक्कम द्या. आणि घाणा सुरू केलात, तर जे तेल तुमच्या घरच्या फोडणीला चालेल तेच गिऱ्हाइकाला विका.