बिघाडाचा बिघाड

माझं एक जाहीर भांडण आहे आणि ते 'बदलून टाका' पंथाशी आहे. हे लोक पूर्वी फक्त गॅरेजात भेटत, आता घरोघरी भेटतात. पंखा कुरकुरला, बदलून टाका. मिक्सर रुसला, बदलून टाका. परवा मी सहज म्हणालो, "गुडघा दुखतो हो." तर तिथंही तोच सल्ला!

हे भांडण हातघाईवर आलं ते भाच्याच्या एका डबीमुळे. भाचा कॉलेजात आहे, गिटार वाजवतो. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायची, पायानं बटण दाबायची एक डबी त्यानं घरीच बनवली. डबीचं काम काय, तर चांगला आवाज बिघडवणं. आत एक ट्रान्झिस्टर आवाज फुगवतो आणि पुढचे दोन डायोड त्या फुगलेल्या लाटेचे शेंडे छाटतात. शेंडे छाटले की आवाज फाटतो, आणि तो फाटला की तरुण मंडळी खूष होतात.

हसू नका. या फाटक्या आवाजाला इतिहास आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या वाद्याचा आवाज फाटून आला. आपल्याकडे मेकॅनिकला शिव्या बसल्या असत्या. तिथं तो आवाज तसाच ठेवला, आणि १९६२ साली तसा बिघाड करून देणारी डबी बाजारात आली. १९६५ च्या रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'नंतर तर त्या बिघाडाला गिऱ्हाइकांची रीघ लागली.

तर अशी ही डबी भाच्यानं बनवली आणि ती बिघाड करीना. आवाज यायचा, पण किनरा आणि अगदी सज्जन. गॅदरिंग चार दिवसांवर. मग सल्लागार जमले.

"आयसी उडाली असन," शेजारचे भाऊ म्हणाले.

"भाऊ, त्याच्यात आयसीच नाही ना जी!"

"मंग लावून पाह्य ना एखादी!"

दुसऱ्यांनी बॅटरी बदलायला सांगितली, ती बदलली. तिसऱ्यांनी कंडेन्सर सांगितले, तेही बदलले. ट्रान्झिस्टर तर तीनदा बदलला. शेवटी भाचा डबी आपटून म्हणाला, "मामा, जाऊ द्या. ऑनलाइन तयार मागवून घेतो. मले हे जमतच नाही."

मला राग आला तो या शेवटच्या वाक्याचा. डबी बिघडली होती, मुलगा नव्हे. पण बदलून टाका पंथाची खरी करणी हीच: वस्तू बदलता बदलता माणूस शेवटी स्वतःलाच मोडीत काढतो.

माझे वडील दारव्ह्याला रेडिओ दुरुस्त करत. त्यांचा नियम तीन शब्दांचा: बघ, मोज, बदल. आणि याच क्रमानं. आज क्रम उलटा झालाय. आधी बदल, मग अजून बदल, आणि मग नशिबाला मोज. यात शाळा-कॉलेजांचाही हात आहेच. प्रॅक्टिकलच्या वहीत ओहमचा नियम दरवर्षी अचूक सिद्ध होतो, कारण तो गेल्या वर्षीच्या वहीतून येतो. मीटरचा काटा एकदा तरी चुकीच्या जागी थांबलेला पाहिल्याशिवाय मुलाला मोजणं म्हणजे काय ते कळायचं कसं?

मी वडिलांची जुनी युक्ती काढली. ॲम्प्लिफायरच्या वायरीच्या टोकाला एक ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला, वायरीचा दुसरा पदर डबीच्या अर्थला. झाला आवाज शोधायचा दांडा. आमच्या सौभाग्यवतींना गिटारची एकच तार छेडत बसायला सांगितलं. ("एवढं शिकले की मलाही गॅदरिंगला न्या," इति त्या.) मग दांडा डबीच्या तोंडापासून एकेका जोडावर टेकवत पुढे गेलो. तोंडाशी आवाज आहे. पहिल्या कंडेन्सरच्या पलीकडे आहे. ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायावर आहे. वरच्या पायावर तो दणदणीत व्हायला हवा, तर तिथंही तेवढाच, उलट जरा कमीच. म्हणजे चोर कुठल्या घरात शिरला ते कळलं.

आता मीटर. बॅटरी ९ व्होल्टची. या जातीच्या मांडणीत वरच्या पायावर साधारण निम्मे व्होल्ट हवेत. तिथं जवळजवळ सगळेच्या सगळे ९! म्हणजे ट्रान्झिस्टर कामावर हजर होता, सही करत होता, पण काम करत नव्हता.

"नकाशात कुठला लिहिलाय?"

"टू-एन ३९०४. दुकानदारानं बीसी ५४७ देला. म्हणे एकच असते, चालते."

दुकानदार खोटं बोलला नव्हता, चालतो. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर ३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. मधला पाय तोच, कडेचे दोन उलटे. आणि उलटा लावलेला ट्रान्झिस्टर मरत नाही हो, थोडंथोडं काम करतो. तिथंच माणूस फसतो.

तिन्ही वेळा भाच्यानं नवा ट्रान्झिस्टर बसवला, तो त्याच उलट्या खुर्चीवर. माणसं बदलायची आणि खुर्ची तपासायची नाही, याचा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. असो.

विरोधक म्हणतील, "एवढा वेळ कोणाला आहे? नवी डबी घेणं सोपं." कबूल. वस्तू जळून कोळसा झाली तर बदलावीच. पण आम्हाला शोधायला एक तास लागला आणि बदलाबदलीत तीन दिवस गेले होते, त्याचा हिशेब कोण देणार? आमची शकुंतला आठवा. आता ती बंद आहे, पण १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं! रोज सकाळी कुणीतरी 'बदलून टाका' न म्हणता हातात पाना घेतला, म्हणून.

नवा ५४७ भाच्यानं स्वतः फिरवून बसवला. मी फक्त बाजूला उभा राहिलो, आणि हे मोजण्यापेक्षा अवघड असतं. मग त्यानं बटण दाबलं आणि तार छेडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. कपाटावरचं मांजर कुठं गेलं ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

दोन मिनिटांत शेजारचे भाऊ दारात. "काहून बाप्पा, पार बिघडला का आता?"

भाचा असा हसला, की चार दिवसांत तसा हसला नव्हता. म्हणाला, "नाही भाऊ, आता दुरुस्त झाला!"

भाऊंनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाता जाता म्हणाले, "मंग हा पोट्टाच बदलून टाका."