दहा कौशल्ये आणि एक ओहोळ

जोयडा तालुक्यात आषाढ लागला की शाळेचे वेळापत्रक पाऊस ठरवितो, मुख्याध्यापक नव्हे. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे आम्हांस चौथीतल्या एका मुलीने शिकविले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. त्यांचे प्रशिक्षण घेऊन आमचे शिक्षक परतले होते. प्रशिक्षण कानडीतून, शाळा मराठी. म्हणून आम्हीच हौसेने भाषांतर केले. निर्णयक्षमता, चिकित्सक विचार, समानुभूती... नावे भारदस्त! मुलांकडून ती पाठ करविली आणि चाचणीतही विचारली.

त्याच आठवड्यात भर दुपारी आभाळ फाटले. आम्ही शाळा लवकर सोडली. पलीकडच्या वाडीची मुले ओहोळापर्यंत गेली. थोड्याच वेळात ती मुलगी लहानांचे हात धरून माघारी आली. "गुरुजी, पाणी तांबडे झालेय, पाचोळा वाहतोय. अजून चढणार." साकव तर कोरडा दिसत होता. "जा, लवकर जा," आम्ही दरडावले. ती जागची हलली नाही. अर्ध्या तासात साकव पाण्याखाली गेला.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. निर्णयक्षमतेच्या व्याख्येला आम्ही तिला शून्य गुण दिले होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य १९५७ मध्ये बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळे'वर आम्ही परीक्षेत टीप लिहिली होती. मुलांच्या कुरणात पाय मात्र कधी ठेवला नव्हता.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही शिक्षक एकत्र बसतो. एकाने शिकवायचे, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे. नियम एकच: प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत उत्तर सांगायचे नाही. वाचकहो, हे वाटते तितके सोपे नाही. आमच्या एका सहकाऱ्यांना अजून पाचापुढे मोजवत नाही. आमची मजल सातापर्यंत!

मग तोच पाठ वर्गात. "रानातला कंद खाण्याजोगा हे कसे ओळखाल?" कुणब्यांची मुले बोलू लागली: पान, वेल, कडूपणा, उकळणे, वाहत्या पाण्यात ठेवणे. "आजी घरी नसेल तर?" या प्रश्नावर वर्ग तासभर भांडला. गुरुजी गप्प राहिले.

साकव उंच करावा असा अर्ज मुलांनीच पंचायतीला लिहिला आहे. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आम्ही तशाच ठेवल्या.