खोलीतलं ऊन

गिरगावातली आमची चाळ या दिवाळीनंतर पाडणार आहेत. सौ. म्हणाली, "मोबाइलवर खोलीचे फोटो काढून ठेवा." काढले. पण त्या यंत्राला काळोखाचं वावडं असावं. पलंगामागचा कोपरासुद्धा त्यानं दवाखान्यासारखा उजळून टाकला! तेव्हा पेन्शनीत जडलेला जलरंगांचा नाद कामी आणायचं ठरवलं.

दुपारी ४ वाजता आमच्या शहाबादी फरशीवर खिडकीतलं ऊन येतं. ते मी ट्यूबमधला पांढरा रंग थापून दाखवलं. सौ.नं चष्मा लावून पाहिलं.

"अहो, इथं चुना सांडलाय का?"

तेव्हा आठवलं ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आम्ही दोघांनी पाहिलेलं 'ग्लो ऑफ होप'. हाती दिवा घेतलेल्या त्या स्त्रीचं चित्र पुष्कळजण रविवर्म्याचं समजतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं (१८८२–१९६८). समोर उभी होती त्यांचीच मुलगी गीता. ज्योतीवर आडोसा धरलेल्या तिच्या बोटांतून उजेड पाझरतो, आणि हे सारं तैलरंगात नव्हे, जलरंगात! जलरंगात उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो. कोरा कागद हाच उजेड. भोवतीची सावली गडद होईल तसा तो पेटत जातो.

दुसरा कागद घेतला. उन्हाचा चौकोन आधी पेन्सिलीनं आखून टाकला, कारण ऊन काही आपल्यासाठी थांबत नाही. वीस मिनिटांत ते फरशीवरून पलंगाच्या पायावर चढलं. सावलीला निव्वळ काळा घातला नाही. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळला की करडेपणाला ऊब येते. उन्हाची कड कोरडी, धारदार ठेवली, कोपरे मात्र ओल्यात ओलं सोडून विरघळू दिले. सौ. तिथंच चकल्या पाडत होती. तिच्या लुगड्याचा तांबूस रंग भिंतीवर उतरलेला मला इतक्या वर्षांत प्रथमच दिसला. (हे तिला सांगितलं नाही.)

राहिला पलंगामागचा कोपरा. आई शेवटची दोन वर्षं तिथंच निजून होती. तो फारच काळवंडला म्हणून ओल्या कुंचल्यानं थोडा रंग उचलू लागलो. तशी सौ. चकलीचा सोऱ्या खाली ठेवून जवळ आली.

"असू दे तो काळोख. आईंना डोळ्यांवर उजेड सोसत नसे."

मी कुंचला पाण्यात टाकला.