पट्टी नाही, म्हणे लेझर घ्या!

रोवणीच्या दिवसांत कोंढ्याच्या बांध्यांत बाई सकाळपासून चिखलात वाकून उभी असते. घरी आली की चुलीपाशी पुन्हा उभीच. पोटऱ्यांवर शिरा फुगतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडते, आणि एखादा काटा लागला की ती जखम वर्ष वर्ष भरत नाही. वास येतो म्हणून घरचेच तिला बाजूला बसवतात.

अशीच एक मावशी माझ्याकडे शहरातल्या एका दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली. मंद लेझरच्या दहा बैठका, पैसे आगाऊ. बचतगटातून कर्ज काढून तिनं ते भरले होते. सहा बैठका झाल्या, जखम होती तेवढीच. पायाला घट्ट पट्टी बांधायची असते, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं. राग येतो तो याचा!

मैत्रिणींनो, हे दुखणं आहे तरी काय? शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर न चढता पायात साचतं आणि त्या दाबानं कातडी फुटते. बाहेरून लाल उजेड पाडून तो दाब कसा उतरणार? हंगेरीच्या एंड्रे मेस्टर यांनी 1960च्या दशकात उंदरांवर मंद लेझरचे प्रयोग केले, पुढे ते माणसांच्या जखमांवर आले. 1999 साली कॉक्रेन या संस्थेनं तोवरच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा खोट्या लेझरपेक्षा खरं लेझर सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. दाबपट्टीनं जखम लवकर भरते, हे मात्र त्यांच्याच 2012च्या आढाव्यात आहे.

शिरेच्या आत तार घालून बिघडलेली शीर उष्णतेनं बंद करणारं लेझर वेगळं. अशी शीर लवकर बंद केल्याचा फायदा 2018 साली ब्रिटनमधल्या चाचणीत दिसला. दुकान मांडून बसलेल्यांना दोन्ही लेझर एकाच नावाखाली खपवायला सोयीचं जातं!

पट्टीही कुणी कशीही बांधू नये. पायाला धमनीतून रक्त नीट पोचत नसेल, तर घट्ट पट्टीनं पाय गमवायची पाळी येते. मधुमेही बाईला तर जास्तच जपायला हवं. म्हणजे हातात मावणारं डॉप्लर यंत्र आणि शिकलेली सिस्टर हवी. एवढंच!

"बसताना पाय वर ठेवत जा," असं मी मावशीला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "मंग मजुरी कोण देते, बाई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत आपण सगळ्याजणी हेच विचारू : केंद्रात दाबपट्ट्या किती आल्या? त्या बांधायला कोण शिकलंय? आणि जखम भरेपर्यंत मावशीची मजुरी कोण देणार?