चकाकीवर भुलू नये : जुन्या सोप्रानो सॅक्सोफोनची पारख

#धागा

१/ रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी असो वा कोकणातला दुसरा कोणता उत्सव, खालू बाजातील सनईचा सूर ढोल-ताशांना भेदून पुढे जातो. पेणच्या वरातीत तोच मान बँडमधील क्लॅरिनेटकडे असतो. सोप्रानो सॅक्सोफोन दिसतो क्लॅरिनेटसारखा; नाते मात्र सनईशी सांगतो.

२/ बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. सनईप्रमाणेच त्याची नळी मुखाकडून तोंडाकडे रुंदावत जाते. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी समान जाडीची असते.

३/ म्हणून पहिली कसोटी डोळ्यांची नव्हे, कानाची. धातूचे क्लॅरिनेटही बनत, आणि ते अनेकदा 'जुना सॅक्सोफोन' म्हणून खपवले जातात. षड्ज वाजवताना वरच्या सप्तकाची कळ दाबली की सॅक्सोफोन तार षड्ज देतो. क्लॅरिनेट त्याही पलीकडच्या पंचमावर पोहोचतो. एवढ्या एका फुंकरीत फसवणूक उघडी पडते.

४/ दुसरी कसोटी कोरीव नावाची. ती सर्वांत मोहक आणि सर्वांत कच्ची. अमेरिकेतील एल्कहार्ट येथील कॉन, ब्यूशर यांसारखे कारखाने इतर विक्रेत्यांच्या नावानेही वाद्ये घडवून देत. प्रत्येक कारखान्याची क्रमांकमाला वेगळी. तेव्हा कारखाना ठरल्याशिवाय नुसत्या क्रमांकावरून वय सांगणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

५/ तिसरी कसोटी निर्णायक आहे : पट्टी. जुन्या काळी 'उंच' आणि 'खालच्या' पट्टीची वाद्ये वेगवेगळी बनत. उंच पट्टीत 'ए' स्वर सुमारे ४५२ ते ४५७ कंपनांचा. आजचा ४४०, जो १९३९ च्या लंडन परिषदेने मान्य केला. अनेक अमेरिकी वाद्यांवर क्रमांकाजवळ 'एच' वा 'एल' हे रोमन अक्षर, किंवा पट्टीचे पूर्ण नाव कोरलेले असते.

६/ ब्रिटिश लष्करी बँड विसाव्या शतकातही दीर्घकाळ उंच पट्टीतच वाजत. हिंदुस्थानातील बँडपरंपरा त्याच सावलीत वाढली. त्यामुळे आपल्याकडे जुने वाद्य हाती आले, तर ही शंका आधी घ्यावी.

७/ मुखखंड बाहेर ओढून पट्टी उतरवता येते, हा भ्रम आहे. नळीची लांबी वाढते, पण छिद्रांमधील अंतरे तीच राहतात. एक स्वर जुळला की दुसरा निसटतो.

८/ उलट, फाटलेल्या चामडी गाद्या, झिजलेले बूच, मोडलेल्या स्प्रिंगा यांनी घाबरू नये. कोकणातील चार महिन्यांच्या दमटपणात ते होणारच, आणि ते बदलताही येते. घासून पुसट झालेले कोरीवकाम आणि झिजलेल्या छिद्रांच्या कडा मात्र सहजी परत येत नाहीत. लखलखीत पॉलिश अनेकदा वाद्याचे वय नव्हे, पुरावा पुसते.

९/ म्हणून मूल्यमापनाचा क्रम उलटा हवा : आधी जात, मग पट्टी, मग नळीची अवस्था, आणि शेवटी नाव. बाजारात नेमके नाव आधी विचारले जाते, आणि त्याची किंमत रात्र रात्र वरातीत फुंकणारा गरीब वादक मोजतो.

१०/ उंच पट्टीचे वाद्य त्याच्या गळ्यात मारणे हा अन्याय; पण ते मोडीत किलोच्या भावाने घालणे हाही अपराधच. त्याची जागा संग्रहालयात आहे. जे आज सुरात वाजत नाही, तेच काल सूर कोणता होता याची साक्ष देते.