वगळणे म्हणजे रद्द करणे नव्हे

ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर आली असताना, शक्तिपीठ महामार्गासाठी कोल्हापूर जिल्ह्यात काढलेली भूसंपादनाची अधिसूचना सरकारने रद्द केली. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड, आजरा या सहा तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना हायसे वाटले. आम्हालाही वाटले, खोटे कशाला बोला? लोकसभेच्या मतपेटीतून जे ऐकू गेले ते त्याआधीच्या मोर्चांतून ऐकू गेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आम्ही तेव्हा लावला.

पण यवतमाळच्या, हिंगोलीच्या, परभणीच्या, सोलापूरच्या शेतकऱ्यासाठी असा कागद निघाला नाही. रस्ता एकच, सरकार एकच, कायदा एकच. एका जिल्ह्याला सोडले, अकरा जिल्ह्यांना धरून ठेवले. या अंकात आम्हाला जे सांगायचे आहे ते याच एका गोष्टीबद्दल आहे आणि त्यातले काही आमच्याच घरातल्या माणसांना बोचणार आहे.

आधी प्रकल्प काय आहे ते थोडक्यात. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत, म्हणजे गोव्याच्या हद्दीपर्यंत, ८०२ किलोमीटर. जिल्हे बारा. अंदाजित खर्च सुमारे ८६ हजार ३०० कोटी. २०२३ साली घोषणा, २०२४ च्या आरंभी अधिसूचना, निवडणुकीपुरती माघार, आणि निवडणूक पार पडताच २०२५ मध्ये पुन्हा हालचाल. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने २० हजार ७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. त्यातले १२ हजार कोटी भूसंपादनासाठी, तेही हुडकोच्या कर्जातून, आणि ८ हजार ७८७ कोटी केवळ संभाव्य व्याजापोटी! रस्त्यावर खडीची पहिली पाटी पडायच्या आधीच व्याजाची तरतूद. सावकाराच्या वहीत नाव असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १ जुलै २०२५ ला, सरकार जो कृषिदिन म्हणून साजरा करते त्याच दिवशी, बाराही जिल्ह्यांत शेतकरी रस्त्यावर उतरला तो यामुळे.

आता ‘रद्द’ या शब्दाकडे वळू. महाराष्ट्रात हा शब्द फार स्वस्त झाला आहे.

एन्रॉन आठवा. अरबी समुद्रात बुडवू म्हणून मते मागितली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मनोहर जोशींच्या सरकारने विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. सहा महिनेही गेले नाहीत आणि जानेवारी १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून तोच प्रकल्प वर आला, तोही पहिल्यापेक्षा मोठ्या आकाराचा. २००१ साली वीज मंडळाला ती वीज परवडेना, प्रकल्प बंद पडला. नाणारचेही तसेच. मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या आधी, तेलशुद्धीकरण प्रकल्प तिथून रद्द झाल्याची घोषणा झाली. एप्रिल २०२३ मध्ये त्याच राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी यंत्रे आली आणि बायाबापड्या उन्हात आडव्या झाल्या. नाणार सुटले, बारसू अडकले.

याच्या उलट बाजूचीही उदाहरणे आहेत आणि ती आपण विसरता कामा नये. रायगडच्या महामुंबई सेझविरुद्ध २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत सरकारलाच मतदान घ्यावे लागले. ते भूसंपादन पुढे बारगळले. कोल्हापूर शहराचा टोल डिसेंबर २०१५ मध्ये गेला तो कायमचा गेला. दोन्ही लढ्यांत एन. डी. पाटील सर होते. टोलच्या लढ्यात गोविंद पानसरेही होते. निकाल पाहायला मात्र ते राहिले नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा खून झाला. टोलच्या वेळी कोणी असे म्हणाले नाही की आमच्या पेठेपुरता टोल काढा, बाकीच्या नाक्यांवर चालू द्या. सगळे नाके गेले पाहिजेत, एवढी एकच मागणी होती. वाटाघाटीला बसलेल्याला फोडायला फट सापडली नाही, म्हणून तो लढा टिकला.

शक्तिपीठात ती फट आम्हीच ठेवली. कोल्हापूरच्या प्रत्येक सभेत आम्ही काय बोललो? ‘सुपीक बागायती जमीन जाणार.’ ‘उसाची, भाजीपाल्याची काळी आई जाणार.’ हे खरेच होते. पंचगंगेच्या खोऱ्यात २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आणखी एक उंच भराव आडवा घालणे हा शहाणपणा नाही, हेही खरेच. पण बागायती जमीन वाचवा असे म्हणताना त्याचा दुसरा अर्थ काय निघतो याचा विचार आम्ही केला नाही. मुंबईत बसून ऐकणाऱ्याने तो बरोबर काढला: बागायत नको ना? ठीक, जिरायतीतून नेऊ. मार्ग वळवण्याची भाषा पुढे सुरू झाली ती याच वाटेने. वळवलेला रस्ता आकाशातून जात नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी गट नंबरातून जातो. आणि रस्ता आखणाऱ्याच्या कागदावर सर्वांत स्वस्त गट नंबर कुणाचा? कोरडवाहूवाल्याचा.

का स्वस्त, तेही पाहू. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याचा हिशेब असा: आसपासच्या खरेदीखतांवरून किंवा रेडीरेकनरवरून जमिनीचा दर काढायचा, ग्रामीण भागात त्याला एक ते दोन या दरम्यानच्या गुणांकाने गुणायचे, आणि येईल तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर घालायची. गुणांक दोन धरला तर चौपट होते, एक धरला तर दुप्पट. राष्ट्रीय महामार्गांसाठी राज्याने २०२१ साली हा गुणांक दोनवरून एकवर आणला, हे ज्यांची जमीन त्यानंतर गेली त्यांना विचारा. शक्तिपीठाचे संपादन राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्याखाली चालवले आहे. त्यात २०१३ च्या कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागत नाही. म्हणजे गावाचे काय होईल हे विचारायचेच नाही, फक्त मोजणी करायची.

पटी कितीही लावा, मुळातला दर जिरायतीचा असेल तर पटही जिरायतीचीच येणार. ज्या गावात दहा वर्षांत चार खरेदीखते झाली, तीही मुलीच्या लग्नासाठी नाहीतर दवाखान्यासाठी अडलेल्या माणसाची, त्या गावाचा ‘बाजारभाव’ म्हणजे अडलेल्याचा भाव. १२ हजार कोटी आणि साधारण साडेसात हजार हेक्टर असा भागाकार केला तर एकरी ६४ लाखांच्या आसपास सरासरी निघते. हा आकडा गावोगाव फिरतो आहे आणि त्याने डोळे दिपतात. बंधूंनो, सरासरी कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. त्यात शहरालगतचे बिनशेती तुकडे आहेत, फळबागा, घरे, विहिरी आहेत. तुमच्या गटाचा दर काय लागतो तो लेखी मागा आणि मग बोला.

काही कोरडवाहू शेतकरी आम्हाला सरळ सांगतात, ‘साहेब, कपाशीत काय उरते? पैसे मिळत असतील तर जाऊ द्या वावर.’ त्यांना आम्ही गद्दार म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, पऱ्हाटीला बोंडे धरत असताना, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव कागदावर ७ हजार ७१० होता, आणि खेडा खरेदीत व्यापारी काय देतो ते तुम्हीच सांगा. अशा माणसाला जमीन विकावीशी वाटली तर दोष त्याचा नाही. पण शेतीत काही उरू नये अशी धोरणे करायची, आणि मग शेतकरी स्वखुशीने जमीन देतो म्हणून टाळ्या घ्यायच्या, या खुशीला खुशी म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आणि जाते ती फक्त पट्ट्यातलीच जमीन नव्हे. शेतीशास्त्र शिकलो म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो. काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, जमिनीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर येते. मालदांडी पेरतो तेव्हा पाऊस सरत आलेला असतो. पुढचे चार महिने ते पीक जमिनीच्या पोटातले पाणी पिते. हे पाणी उताराने, मंद गतीने, वरच्या वावरातून खालच्यात झिरपत येते. त्या उताराला आडवा, शेकडो किलोमीटरचा भराव घातला की काय होते? वरच्या अंगाला पाणी तुंबते, खालच्या अंगाला ओल कमी पडते. वर कपाशी असेल तर मुळांना हवा मिळत नाही, हिरवेगार झाड दोन दिवसांत माना टाकते. त्याला आपण आकस्मिक मर म्हणतो आणि बियाण्याला दोष देतो. खाली ज्वारी असेल तर कणीस भरत नाही आणि कडबा आखूड राहतो. कडबा आखूड म्हणजे बैल उन्हाळ्यात विकायचा. या नुकसानीचा पंचनामा कुठल्या रकान्यात होणार? ज्याच्या गटातून रस्ता गेला त्याला निदान मोबदल्याची नोटीस येते, शेजारच्याला तीही नाही.

अशाच एका द्रुतगती मार्गाच्या कडेला आम्ही उभे राहून पाहिले आहे. शेताचे दोन तुकडे झालेले, विहीर एकीकडे, पीक दुसरीकडे. पलीकडे जायचे तर बैलगाडीला भुयारी मार्गापर्यंत वळसा, आणि पावसाळ्यात त्या भुयारात गुडघाभर पाणी. वरून गाड्या सुसाट जात होत्या. तिथे एस.टी. थांबत नाही, बैलगाडी चढत नाही. ज्याची जमीन गेली त्याला तो रस्ता कुंपणातूनच बघायचा आहे.

नागपूर ते गोवा अठरा तासांचा प्रवास आठ तासांत होईल, असे सांगतात. होईलही. पण आपला कापूस गोव्याला जात नाही, जिनिंगला जातो, दहा-वीस किलोमीटरवर. तिथपर्यंतच्या रस्त्यावरचे खड्डे कोणत्या महामंडळाच्या अखत्यारीत येतात? शिवाय रत्नागिरी–नागपूर राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूर, सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असाच जातो. देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची वाट त्याने अडवलेली नाही.

आम्हाला विकासविरोधी म्हणतात, म्हणून रेल्वेचाही हिशेब मांडतो. कोल्हापूर–वैभववाडी हा कोकण रेल्वेला जोडणारा, सुमारे १०८ किलोमीटरचा मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. तेव्हाचा खर्च ३ हजार ४०० कोटींच्या घरात. शक्तिपीठाचा खर्च किलोमीटरला १०७ कोटी पडतो, म्हणजे त्याच्या ३२ किलोमीटरच्या पैशात ही सबंध रेल्वे झाली असती. आज तो खर्च वाढलेला असणार, दुप्पट धरा. तरी ६४ किलोमीटर. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही २८४ किलोमीटरची रेल्वे २००८ च्या सुमाराची मंजूर. तिच्यावर वर्धा ते कळंब एवढीच गाडी धावली, तीही फेब्रुवारी २०२४ मध्ये. शक्तिपीठाचा पहिला टप्पा नेमका याच मुलखातून जातो. इंग्रजांच्या कंपनीने यवतमाळचा कापूस न्यायला शकुंतला रेल्वे टाकली होती. आपला माल लुटायलाच टाकली, पण त्यांना निदान माल कुठून उचलायचा ते ठाऊक होते. छोट्या शाहू महाराजांच्या हातून १८८८ साली पायाभरणी झालेली मिरज–कोल्हापूर रेल्वे तीन वर्षांत, १८९१ मध्ये, धावू लागली. संस्थानाला जमले ते.

तेव्हा जिल्हा बैठकांसमोर आमचे म्हणणे असे. यापुढे मागणी एकच ठेवायची: बाराही जिल्ह्यांतली संपूर्ण अधिसूचना मागे घ्या आणि तसे राजपत्रात छापा. ‘आमच्या तालुक्यातून नको’, ‘मार्ग बदला’, ‘बागायत सोडून न्या’ ही तिन्ही वाक्ये आपल्या निवेदनांतून काढून टाकायची, कोल्हापूरकरांनी सर्वांत आधी. कोणत्याही एका जिल्ह्याच्या शिष्टमंडळाने एकट्याने मंत्रालयात चहा प्यायला जायचे नाही. बोलावणे आले तर बाराही जिल्ह्यांतला एकेक माणूस सोबत पाहिजे. आणि त्यात निम्मे तरी कोरडवाहू शेतकरी असावेत, आतापर्यंत ते मागच्या रांगेत बसत आले आहेत.

ग्रामसभेचा ठराव इतिवृत्तात नोंदवून त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. तोंडी हरकत हरकत नसते. बैठकीला येताना सातबारा आणि आठ-अ बरोबर आणा, आणि एका कोऱ्या कागदावर आपल्या वावराचा उतार कुठून कुठे आहे, पाणी कुठून येते, विहीर कुठे आहे, हे पेनाने काढून आणा. ते नकाशे आम्ही जिल्हावार लावून हरकतींना जोडणार आहोत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलाला घेऊन या.